नाकाचं हाड वाकडं, कान वाहतो: आधी नाक की आधी कान?

डेसिबल
पावसाळा लागला की वाहत्या कानांची गर्दी वाढते, आणि त्यांच्या फायलींत एक वाक्य हमखास सापडतं: "आधी नाकाचं हाड सरळ करून घ्या, मग कानाच्या पडद्याचं बघू." रुग्ण दोन ऑपरेशनांच्या धास्तीने दोन्ही टाळतो आणि कान वाहतच राहतो.

प्रश्न असा. पडद्याला जुनं भोक आहे, सर्दी झाली की कान वाहतो, आणि सीटीवर सेप्टम, म्हणजे दोन नाकपुड्यांमधली भिंत, त्याच बाजूला वाकलेली दिसते. मग नाक हे कानाच्या दुखण्याचं कारण धरायचं, की दोन्ही गोष्टी एकाच माणसात असणं हा निव्वळ योगायोग? सेप्टम थोडाफार वाकडा असलेली माणसं इतकी आहेत, की कुठल्याही रुग्णात तो सापडला तर नवल नाही.

माझं मत आधीच सांगते: सेप्टमला फुकटचा दोष जातो. खरी भानगड त्याच्या मागे, नाकघशात (नाकाच्या मागे, घशाच्या वरच्या भागात) आणि तिथून मधल्या कानाकडे जाणाऱ्या युस्टेशियन नळीत असते. पटत नसेल तर खुशाल खोडून काढा. फक्त 'आमच्या शेजाऱ्यांचं असं झालं' छापाचे किस्से नकोत. रचना, कारण, तपासणी, उपचार यावर बोलू.

भिवपाचीगरजना
पडद्याच्या एका भोकासाठी आधी नाकाचं ऑपरेशन? नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. (वाचतोय.)

ओटोस्कोप
डेसिबलबाय, बरंचसं पटतं, सगळं नाही. आधी जागा समजून घेऊ.

मोठ्या माणसात युस्टेशियन नळी साधारण ३६ मिमी लांब. कानाकडचा एक तृतीयांश, सुमारे १२ मिमी, हाडाचा. नाकाकडचे २४ मिमी कूर्चेचे. दोन्ही भाग जुळतात तिथे ती सर्वांत अरुंद. एरवी ती मिटलेलीच असते. गिळताना किंवा जांभई देताना टाळूचा टेन्सर वेलाय पॅलाटिनाय हा स्नायू कूर्चेची बाजू ओढतो आणि नळी क्षणभर उघडते. मधल्या कानातली हवा तिथलं अस्तर सतत शोषत असतं, ती भरून काढायची वाट एवढीच. वाट बंद राहिली की आत उणा दाब तयार होतो, पडदा आत ओढला जातो, पाणी साचतं, आणि वारंवार संसर्ग झाला की भोक पडतं किंवा पडद्याचा खिसा आत जातो.

आता या नळीचं नाकाकडचं तोंड कुठे? इन्फिरियर टर्बिनेट, म्हणजे नाकाच्या बाजूच्या भिंतीवरची खालची घडी, तिच्या मागच्या टोकापासून आणखी १ ते १.२५ सेंमी मागे, नाकघशाच्या बाजूच्या भिंतीवर. सेप्टम त्याआधीच संपलेला असतो. त्यामुळे सेप्टम उजवीकडे वाकला म्हणून उजव्या नळीचं तोंड दाबलं जात नाही. दोन्ही नळ्या एकाच सामायिक जागेत उघडतात. पुढे वाकलेला सेप्टम श्वास अडवतो, नळी नाही.

म्हणून नाक निर्दोष ठरतं का? तसंही नाही. सायनस म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या हवेच्या पोकळ्या. कपाळ, गाल आणि पुढचे एथमॉइड (डोळ्यांमधले) सायनस यांचा स्राव मागे जातो तो नळीच्या तोंडाच्या पुढून-खालून. मागचे एथमॉइड आणि सर्वांत मागचा स्फीनॉइड यांचा जातो वरून-मागून. सायनसमध्ये पू असेल तर नळीचं तोंड रात्रंदिवस त्यातच भिजत राहतं, तिथलं अस्तर सुजतं आणि स्राव पुढे ढकलणारे सिलिया मंदावतात. त्यामुळे दुर्बीण घातल्यावर सेप्टमचा बाक मोजत बसण्यापेक्षा टर्बिनेटची मागची टोकं फुगून मागे लोंबताहेत का, एडेनॉइड (नाकघशातली टॉन्सिलसारखी गाठ) शिल्लक आहे का, नळीच्या तोंडाचा उंचवटा सुजलाय का, आणि रुग्णाला गिळायला सांगितल्यावर तोंड प्रत्यक्ष उघडतं का, हे बघावं. ४ मिमीची सरळ दुर्बीण पुरते. ३० अंशांची असली तर आणखी बरं.

कुळागर
असहमत. ओटोस्कोपबाब नकाशा बरोबर काढतात, पण वाहतूक विसरतात.

नाक पुढून चोंदलेलं असेल तर माणूस प्रत्येक घोट बंद नाकानेच गिळतो. नाक चिमटीत धरून गिळलं की दडा बसल्यासारखं होतं, तीच टॉयन्बीची युक्ती. नाकघशात आधी दाब चढतो, मग एकदम उतरतो, आणि तो चढउतार नळीवाटे कानापर्यंत पोचतो. नाक दोन्हीकडून चोंदलेल्या माणसात हे दिवसभर चालू. वर तो जोरजोरात शिंकरतो. पडद्याला भोक असेल तर याचा त्रास दुप्पट, कारण अखंड पडद्यामागे अडकलेली हवा उशीसारखी उलटा दाब देते आणि शेंबूड वर चढू देत नाही. भोक पडलं की ती उशी गेली. शिंकरलं की स्राव सरळ मधल्या कानात. सर्दी झाली की कान वाहतो त्याचं मोठं कारण हेच.

तेव्हा 'सेप्टम नळीला टेकत नाही, म्हणून सुटला' हे मला मान्य नाही.

ओटोस्कोप
मान्य. पण मग दोषी चोंदणं ठरलं, वाकडेपण नव्हे. आपल्याकडे चोंदण्याचं मोठं कारण ॲलर्जी. गोव्याची दमट हवा, भिंतींना बुरशी, गाद्या-उशांत धुळीतले माइट. सेप्टम वर्षभर तेवढाच वाकडा असतो. ऐन पावसात नाक बंद आणि उन्हाळ्यात मोकळं होत असेल, तर बदलतंय ते अस्तर. त्याला सुरी लागत नाही, स्प्रे लागतो.

मांडवीकाठ
तज्ज्ञ मंडळी, एक खालच्या पायरीचा प्रश्न. तोंडी सगळे 'हाड वाढलंय' म्हणतात. रिपोर्टवर मात्र 'डीएनएस डावीकडे, उजवीकडे आयटीएच, कोंका बुलोसा' असं काहीबाही असतं. यातलं वाढलेलं हाड कुठलं?

सीटीवाला
@मांडवीकाठ, वाढलेलं बहुधा काहीच नसतं. डीएनएस म्हणजे सेप्टमचा बाक. आयटीएच म्हणजे इन्फिरियर टर्बिनेट सुजलेला, आणि तो सहसा बाकाच्या विरुद्ध बाजूला असतो, कारण रिकामी झालेली जागा तो भरून काढतो. त्यामुळे सेप्टम डावीकडे असूनही रुग्ण उजवी नाकपुडी चोंदते म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो. कोंका बुलोसा म्हणजे मधल्या टर्बिनेटमध्ये हवेची पोकळी. ती पुष्कळ निरोगी माणसांतही दिसते. मोठी असेल तरच सायनसची वाट अडवते. स्पर म्हणजे सेप्टममधून निघालेला टोकदार कंगोरा. 'वाढलेलं' म्हणायचंच तर त्याला म्हणा.

आता मूळ प्रश्नावर. ज्या बाजूला सेप्टम वाकलेला त्याच बाजूचा मॅस्टॉइड (कानामागचं, आत हवेचे कप्पे असलेलं हाड) लहान असतो का, हे बऱ्याच जणांनी सीटीवर मोजून पाहिलंय आणि उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. कुणाला बाक मोठा असताना त्या बाजूला थोडा फरक दिसला, कुणाला काहीच नाही. मला यात कालक्रम महत्त्वाचा वाटतो. कानामागच्या मॅस्टॉइडमधली अँट्रम ही मुख्य पोकळी जन्मतःच असते. बाकीचे हवेचे कप्पे पहिल्या पाच-सहा वर्षांत झपाट्याने वाढतात, पुढे पौगंडापर्यंत सावकाश. म्हणजे विशीत बाइकवरून पडून सेप्टम वाकला, तर त्याने मॅस्टॉइड लहान केला असं म्हणताच येत नाही. मॅस्टॉइड तोवर होऊन गेलेला असतो. बाक जन्माच्या वेळचा किंवा लहानपणच्या माराचा असेल तरच वाद घालायला जागा.

जुन्या वाहत्या कानात मॅस्टॉइड बहुतेक वेळा कप्पे नसलेला, टणक, पांढरा दिसतो. त्याचेही दोन अर्थ निघतात. लहानपणच्या संसर्गाने कप्पे वाढलेच नाहीत, किंवा मॅस्टॉइड मुळातच लहान असल्याने दाब सांभाळायला हवेचा साठा कमी पडला. कोंबडी आधी की अंडं, हा वाद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून चालू आहे. आपल्या धाग्यावर तो मिटेल असं वाटत नाही.

भिवपाचीगरजना
कोंबडी कुठलीही असो, शाकुती चांगली व्हायला हवी.

बाळकडू
सीटीवाल्यांच्या कालक्रमाला जोड देते. कानाचं नशीब बरंचसं वयाच्या पहिल्या सात वर्षांत ठरतं, आणि तेव्हा सेप्टमचा विषयच नसतो.

बाळाची नळी जन्मतः मोठ्यांच्या निम्मी, सुमारे १८ मिमी. मोठ्यांत ती आडव्या रेषेशी ४५ अंशांच्या आसपास उतरती असते, बाळात जेमतेम १० अंश. आखूड, आडवी आणि कूर्चा मऊ. बाळाला सपाट निजवून बाटली दिली की दूध नाकघशातून नळीत शिरायला वेळ लागत नाही. डोकं वर उचलून पाजा, शक्य तितके महिने अंगावर पाजा, आणि घरात विडी-सिगारेट नको, चुलीचा धूरही नको. धुराने नळीचं अस्तर सुजतं हे पालकांना सांगितल्याशिवाय सुचत नाही.

मग एडेनॉइड. तीन ते सात या वयात ते सर्वांत मोठं असतं, पुढे आपोआप आटतं. सगळे फक्त 'अडथळा' बघतात, पण ते जंतूंचं कोठारही असतं. त्यामुळे एक्स-रेवर फारसं मोठं न दिसणारं एडेनॉइडही कान पुन्हा पुन्हा बिघडवू शकतं. तोंड उघडं टाकून झोपणं, घोरणं, टीव्हीचा आवाज वाढवणं, हाक मारली तर वळून न बघणं, ही चौकडी दिसली की कान तपासा. कान दुखला नाही म्हणजे बरा, असं धरू नका. पडद्यामागचं चिकट पाणी दुखत नाही.

टाळू फाटलेल्या मुलांत तर प्रश्न थेट रचनेचा. टेन्सर स्नायूला टाळूत पक्कं बसायला जागाच नसते, मग तो नळी ओढणार कसा? या मुलांत पडद्यामागे पाणी जवळजवळ ठरलेलं, आणि टाळू शिवल्यावरही ते वर्षानुवर्षं राहू शकतं. टाळूचं ऑपरेशन झालं म्हणून कानाची तपासणी थांबवू नका. अंगणवाडी-शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्या यादीत फाटलेला टाळू, बहिरेपणा आणि मधल्या कानाचा दाह तिन्ही आहेत. त्यांच्याकडून पुढे पाठवलेलं मूल घरी बसवू नका, एवढीच विनंती.

दर्यावर्दी
थोडं अवांतर, पण नळीचंच. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंड बेटावर डाइव्हिंगला नेताना फॉर्मवर 'कानाचा त्रास' ही ओळ लोक वाचतच नाहीत.

पाण्यात पहिले १० मीटर सर्वांत वाईट. दाब दुप्पट होतो, कानातली हवा निम्मी होते. दाबातला फरक पाऱ्याच्या ९० मिमीच्या घरात गेला की नळी चिकटते आणि कितीही गिळा, उघडत नाही. तेवढा फरक व्हायला सुमारे १.२ मीटर खोली पुरते. म्हणून दुखायची वाट बघायची नाही. पृष्ठभागावरच एकदा कान मोकळे करायचे, मग प्रत्येक अर्ध्या-एक मीटरला, पाय खाली डोकं वर ठेवून. नाक दाबून हळू फुंकायचं. जोर लावला तर आतल्या कानाच्या खिडकीला इजा होते आणि ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं. मोकळा होत नसेल तर थोडं वर या. तरी नाहीच झाला तर डाइव्ह संपली, पैशांचा विचार करू नका.

सर्दीत नाक मोकळं करणारे थेंब घालून उतरणं हा शहाणपणा नव्हे. औषधाचा असर खाली असतानाच ओसरला तर वर येताना हवा बाहेर पडत नाही.

आणि पडद्याला भोक असेल तर डाइव्हिंग नकोच. थंड पाणी मधल्या कानात गेलं की आतल्या कानाची एक बाजू गार होते आणि अशी भोवळ येते की वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही. पाण्याखाली हे जिवावर बेतू शकतं.

मांडवीकाठ
@दर्यावर्दी, मग विमानाचं काय? मोपा विमानतळावर उतरताना अर्धं विमान कान धरून बसलेलं असतं.

दर्यावर्दी
तिथे गंमत उलटी आहे. भोक असलेला कान विमानात दुखत नाही, हवा भोकातून आतबाहेर करते. ग्रोमेट (पडद्यात बसवायची बारीक नळी) घातलेल्या मुलाचंही तेच. दुखतो तो पडदा धड असलेला आणि नळी आजारी असलेला कान, आणि तोही उतरताना. चढताना हवा आपोआप बाहेर पडते, उतरताना मात्र नळी उघडावी लागते. विमान खाली यायला लागल्यापासून घोट घोट पाणी पीत राहायचं, लहान बाळाला अंगावर पाजायचं, आणि त्या वेळेत झोपायचं नाही, कारण झोपेत गिळणं कमी होतं.

भिवपाचीगरजना
सांजांवच्या सणाला, २४ जूनला, विहिरीत उडी मारायची असेल तर? कोपेल घातली की कान झाकतात का?

कुळागर
कोपेल म्हणजे डोक्यावरची फुलांची माळ रे, ती काय कान झाकणार! वाहता कान असेल तर काठावर बसून घुमट वाजव. विहिरीचं, तळ्याचं पाणी भोकातून आत गेलं की पुढचे दोन आठवडे कान वाहतो. रोजच्या आंघोळीला कापसाच्या बोळ्याला बाहेरून व्हॅसलिन चोपडून तो कानाच्या तोंडाशी बसवायचा, खोल नाही, आणि आंघोळ झाल्यावर लगेच काढायचा. तोच बोळा दिवसभर ठेवला तर आत ओल कोंडते आणि बुरशी धरते. काळे ठिपके, ओल्या टीपकागदासारखा थर आणि असह्य खाज दिसली तर ती बुरशी. तिथे अँटिबायोटिक थेंब वाढवत नेले तर ती उलट फोफावते.

विषय निघालाच आहे तर वाहणारा कान घरी कसा टिपायचा तेही लिहितो. काडीवरचा कापूस वापरायचा नाही. मऊ पण न फाटणारा कागद किंवा धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा पिळून वात करायची, कानात हलकेच सरकवायची, ओली झाली की काढून दुसरी घालायची. वात कोरडी बाहेर येईपर्यंत. असं दिवसातून तीन वेळा. थेंब घालायचे ते टिपल्यावर, नाहीतर औषध पुवावर तरंगतं. थेंब मुठीत धरून कोमट करा, गार थेंबाने चक्कर येते. कुशीवर पडून थेंब घातल्यावर कानापुढचा छोटा उंचवटा चार-पाच वेळा दाबा, औषध आत ढकललं जातं. भोक असलेल्या कानात सिप्रोफ्लोक्सासिनसारखे थेंब सुरक्षित. जेंटामायसिन, निओमायसिन असलेले थेंब आतल्या कानाला अपाय करू शकतात, तेव्हा घरातली जुनी बाटली उघडू नका. आणि खोबरेल कोमट करून, लसूण तळून कानात ओतणं बंद करा. तेलाने पू सुकत नाही, बुरशीला मात्र घर मिळतं.

सीटीवाला
+१. शेवटची ओळ दवाखान्याच्या दारावर लावायला हवी.

डेसिबल
कुळागरबाब, दंडवत. थेंबांवरून एक बिनखर्चाची चाचणी आठवली. भोक असलेल्या कानात थेंब घालून कानापुढे दाबल्यावर औषध घशात कडू लागलं, तर नळी निदान त्या दिशेने वाहती आहे. लागलं नाही म्हणून ती बंदच आहे असं मात्र ठरत नाही.

मशीनवरही बघता येतं. टिम्पॅनोमीटर या कानातला दाब मोजणाऱ्या यंत्राने भोकातून मधल्या कानात अधिक २०० डेकापास्कल दाब द्यायचा आणि रुग्णाला काही घोट गिळायला लावायचे. दाब पायरीपायरीने उतरला तर नळी उघडते आहे. मग उणे २०० देऊन तेच. अधिकचा दाब उतरतो पण उण्याचा भरून निघत नाही, अशी नळी अर्धी आजारी.

याहून सोपा साक्षीदार म्हणजे दुसरा कान. त्याचा पडदा धड असेल तर त्याची टिम्पॅनोग्राम, म्हणजे पडद्याच्या हालचालीचा आलेख, काढा. ए प्रकारची, म्हणजे शिखर शून्याजवळ, आली तर बरं. सी आली, म्हणजे शिखर उणे १०० च्या पलीकडे सरकलं, तर त्या बाजूलाही नळी रडतेय. सपाट बी आली आणि कानाची पोकळी नेहमीएवढी दाखवत असेल तर मागे पाणी. पोकळी मोठी दाखवत असेल तर भोक किंवा उघडं ग्रोमेट. दोन्ही कान आजारी असले की एका बाजूच्या सेप्टमवर खापर फोडणं अवघड होतं.

ऑडिओग्रामवर, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीच्या आलेखावर, नुसत्या भोकाने ऐकण्यात साधारण १० ते ४० डेसिबलची घट येते. हवेतून आणि हाडातून ऐकू येण्याच्या रेषांत ५०-६० ची दरी असेल तर मधल्या कानातल्या हाडांची साखळी तुटलेली समजा. बहुधा इन्कसचा (साखळीतल्या मधल्या हाडाचा) लांब दांडा झिजलेला असतो, त्याचा रक्तपुरवठाच तुटपुंजा. नुसता पडदा शिवून ऐकू येणार नाही, हे ऑपरेशनआधीच रुग्णाला सांगा.

रातपाळी
कुणीच नाक ओढण्याबद्दल बोललं नाही. शिंकरण्यावर सगळे तुटून पडले, पण सूं सूं करून शेंबूड वर ओढायची सवय असलेली मुलं बघा. काहींची नळी मुळात सैल असते. स्वतःचा आवाज, श्वास कानात घुमतो आणि नाक वर ओढलं की ते घुमणं थांबतं, म्हणून सवय लागते. प्रत्येक ओढीला मधल्या कानातली हवा उपसली जाते आणि पडदा आत खेचला जातो. वर्षानुवर्षं असं चाललं की पडद्याचा वरचा सैल भाग आत खिसा करतो.

नाक शिंकरायचं ते एका वेळी एक नाकपुडी दाबून, तोंड किंचित उघडं ठेवून, हळू. मुलांना हे शिकवावं लागतं.

ओटोस्कोप
रातपाळीबाय, हा खिसाच सगळ्यांत महत्त्वाचा, आणि धाग्यात तो इतक्या उशिरा आला.

इथवर आपण ज्याबद्दल बोललो तो 'सुरक्षित' कान: पडद्याच्या ताणलेल्या भागात भोक, भरपूर, पातळ-चिकट, फारसा वास नसलेला स्राव, सर्दीबरोबर वाढणारा. दुसरा प्रकार वेगळाच. वरच्या ॲटिक भागात खिसा, त्यात मेलेल्या कातडीचे थर, म्हणजे कोलेस्टिअॅटोमा. स्राव थोडा पण कुजका वास, कधी रक्त. हा हाड खातो. मधल्या कानाच्या खालच्या आणि वरच्या मजल्यांमध्ये हाडं आणि अस्तराच्या घड्यांचं एक छत असतं, हवा वर जायला त्यात अरुंद फटी तेवढ्या. त्या सुजून बंद झाल्या तर नळी ठणठणीत असूनही वरचा मजला गुदमरतो आणि खिसा तिथेच होतो. म्हणजे दोष नाकात नाही, नळीतही नाही, मधल्या कानाच्या रचनेत. अशा माणसाला 'आधी सेप्टम' म्हणून थांबवणं चूक आहे. कान आधी. चक्कर, चेहरा एका बाजूला वाकडा, कानामागे सूज, ताप आणि जबर डोकेदुखी, यांतलं काहीही असेल तर ओपीडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात.

अजून एक. प्रौढ माणसात एकाच कानामागे पाणी साचलं आणि ते हटत नसेल, तर सेप्टमकडे बोट दाखवून घरी पाठवू नका. नाकघशात दुर्बिणीने नळीच्या तोंडामागचा खळगा बघा. तिथली गाठ पहिली खूण म्हणून कानच धरते. मानेत गाठ लागते का तेही चाचपा.

सीटीवाला
आणि प्रत्येक भोकाला एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी) मागवू नका. कोरडा कान, मध्यभागी भोक, दुसरं काही नाही, तिथे त्याने निर्णय बदलत नाही. ॲटिकचा संशय, पुन्हा करायचं ऑपरेशन किंवा गुंतागुंत असेल तर हवाच. त्यात वरच्या हाडाची धार, स्क्यूटम, तीक्ष्ण आहे की बोथट, आतल्या कानातल्या आडव्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरचं हाड शाबूत आहे का, मेंदूखालचं छत किती खाली आलंय, सिग्मॉइड सायनस (हा नाकाचा नव्हे, मेंदूकडून येणारी मोठी रक्तवाहिनी) किती पुढे सरकलाय, हे सर्जनला आधी कळलेलं बरं. कान पूर्ण भरलेला असेल तर पाणी की कोलेस्टिअॅटोमा हे सीटी सांगू शकत नाही. त्यासाठी एमआरआयचा विशिष्ट डिफ्यूजन सिक्वेन्स, आणि तोही ३ मिमीहून लहान तुकडा सहज चुकवतो.

मांडवीकाठ
बलून घालून नळी रुंद करतात म्हणे. मग हा सगळा उपद्व्याप कशाला?

ओटोस्कोप
करतात. नाकातून कूर्चेच्या भागात बारीक फुगा सरकवून १०-१२ बार दाबाने २ मिनिटं फुगवतात. अमेरिकेत २०१६ पासून परवानगी आहे. पडदा धड आहे, नळी अडून बसली आहे, औषधांनी भागलं नाही, अशा निवडक मोठ्या माणसांसाठी. ॲलर्जी उघडी ठेवून बलून म्हणजे गळकं छप्पर तसंच ठेवून फरशी पुसणं. आणि नळी सैल असेल तर बलून म्हणजे आगीत तेल. आधी सैल की घट्ट ते ठरवा: आवाज घुमतो आणि आडवं पडल्यावर कमी होतो, तर सैल.

कुळागर
फिरून मूळ प्रश्नावर येऊ. डेसिबलबाय, मी तुमच्या बाजूला थोडा सरकलोय, पूर्ण नाही. नाक आधी कधी, ते ओटोस्कोपबाबनी एकदा स्पष्ट लिहावं.

ओटोस्कोप
माझा क्रम असा. सुरक्षित कान आणि सेप्टम वाकडा, पण नाकाची तक्रार नाही, सायनस साफ, दुसरा कान चांगला: सेप्टमला हात लावायचा नाही. कान कोरडा करून पडदा. सेप्टम आधी केल्याने पडदा जास्त टिकतो असं सरसकट दाखवता आलेलं नाही, निष्कर्ष दोन्ही बाजूंनी आहेत.

नाक खरंच चोंदत असेल तर आधी सहा-आठ आठवडे स्टिरॉइड स्प्रे आणि मिठाच्या पाण्याने धुणं. स्प्रे मारताना डोकं किंचित पुढे, उजव्या नाकपुडीला डावा हात, तोंड डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे, सेप्टमकडे नाही, नाहीतर रक्त येतं. मारल्यावर जोरात ओढायचं नाही, औषध घशात जातं. पूर्ण गुण यायला दोन आठवडे लागतात, चार दिवसांत सोडू नका. नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब पाच-सात दिवसांवर नकोत. धुण्यासाठी अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा सपाट चमचा मीठ. नळाचं कच्चं पाणी नाही. धुतल्यावर लगेच जोरात शिंकरलं तर तेच पाणी कानात चढतं.

एवढं करूनही नाक बंद, सेप्टमच्या मागच्या भागात मोठा स्पर, सायनसमध्ये पू, किंवा दुसऱ्या कानातही उणा दाब असेल, तर नाक आधी, आणि कान दोन-तीन महिन्यांनी. काही जण दोन्ही एकाच भुलीत करतात. मला अडचण पॅकिंगची वाटते. नाक भरून ठेवलं की कुळागरबाबनी सांगितलेला बंद नाकाचा घोट, तोही पडद्याच्या जागी बसवलेल्या ताज्या कलमावर. पॅक न घालता सेप्टमला आतून टाके घालता येत असतील तर एकत्र करायला माझी हरकत नाही.

नळीची शंका राहिलीच तर पडद्यासाठी कानशिलावरच्या पातळ आवरणाऐवजी कानापुढच्या उंचवट्याची कूर्चा वापरावी. ती सहज आत ओढली जात नाही.

डेसिबल
देव बरें करूं, ओटोस्कोपबाब. 'दुसरा कान बघा' एवढं तरी प्रत्येक फायलीवर लिहिणार.

भिवपाचीगरजना
कानाला खडा लावला. पण कानात खडा, चिंचोका, मोती काही नाही, एवढं कळलं. वाचनखूण साठवली.

रातपाळी
पडदा बसवून घरी जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते, सुट्टीच्या गडबडीत हे नीट सांगितलं जात नाही. तीन-चार आठवडे नाक शिंकरायचं नाही, आलेलं टिपून घ्यायचं. शिंक आली तर दाबायची नाही, तोंड उघडून द्यायची. कानात एक थेंब पाणी नको, केस पुढे वाकून दुसऱ्याकडून धुवून घ्यावेत. आत भरलेलं जेलफोम (स्पंजसारखा आधार) हळूहळू विरघळतं, तोवर कमी ऐकू येणारच, घाबरून काडी घालू नका. विमान सर्जनने हो म्हटल्यावरच, साधारण चार ते सहा आठवड्यांनी. ऐकण्याची चाचणी तीन महिन्यांनी, त्याआधीच्या आकड्यावर भांडू नका. ॲलर्जीचा स्प्रे मात्र ऑपरेशननंतर कधी सुरू करायचा ते जायच्या आधीच विचारून घ्या, बरेच जण तो घरी जाऊन बंदच करतात.